दोनदा उचललेला कोठा

“तिकडे नोको टेकवू वो ढोराइचा कोठा, सूनबाई. ते वाट हाय,” विमलाबाईंनी सांगितलं होतं. धान पाखडता पाखडता सूप तसंच हातात धरून सांगितलं होतं.

“वाट कुठे आहे, आई? कुंपणाला भोक पडलंय नुसतं,” प्रतिक्षा म्हणाली आणि कडेवरच्या यशोधरेच्या पाठीला कान लावून तिचा श्वास ऐकायला लागली. सूनबाईनं लेकराच्या पाठीला कान लावला की घरात पुढे कोणी बोलत नसे. विमलाबाईंनी सूप पुन्हा हलवायला घेतलं. बोलणं तिथंच संपलं.

आता ही प्रतिक्षा म्हणजे कोण, तर डोमाजींची सून, अश्विनची बायको. माहेर लाखनीचं. महामार्गाला लागून घर, रात्रंदिवस ट्रकांचे हॉर्न, त्यातच अभ्यास करून भंडाऱ्याला जाऊन बी.एस्सी. झालेली. करडीच्या अलीकडे एका लहानशा गावात तिला दिलं. तिथं धानाच्या बांध्या, एक बोडी म्हणजे लहानसं तळं, आणि लाइन गेली की अशी शांतता, की सुरुवातीला तिला त्या शांततेनं झोप येत नसे. मग यशोधरा झाली आणि झोप न येण्याला चांगलं कारण मिळालं. पोरीची छाती नाजूक. पाऊस लागला की घरघर सुरू. डॉक्टरांनी वाफेची मशीन दिली होती, पण मशीन चालते लाइनीवर, आणि लाइन कधी जाईल ते लाइनमनलाही ठाऊक नसायचं. मागच्या श्रावणात ऐन घरघरीत लाइन गेली. अश्विन वरठीच्या कारखान्यातून नुकता घरी आला होता. त्यानं हेल्मेटही काढलं नाही. पोरीला प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोघं मोटारसायकलवर निघाली ती थेट दवाखान्यात. पोरगी बरी झाली, पण प्रतिक्षाच्या मनात त्या वाटेवरचा एकेक खड्डा बसून राहिला. तिनं ठरवलं, घरावर सोलर बसवायचं. बॅटरीवालं.

“ऊन काय, फुकटच पडून राहाते,” डोमाजी म्हणाले. “दुभत्या ढोरावानी बांधून ठेवाले भेटत असन तर बांधा.”

पण उन्हाला बांधायचं कुठं, हा प्रश्न होता. घरावर मातीची कवेलू. सोलर बसवणारा बाबुलाल शिडीवरून वर डोकावला, एक कवेलू उचलून खालचा लाकडी फाटा अंगठ्यानं दाबून पाहिला आणि खाली उतरला.

“मॅडम, इसपे तो बिल्ली भी सोच के चलती होगी. प्लेटा नाही बसत इथं. खाली लोखंडी स्टॅण्ड मारू, उंच. फक्त जागा दाखवा, जिथं दिवसभर ऊन असन.”

सगळं अंगण फिरून झालं. पुढे कडुनिंबाची सावली, उजवीकडे आंब्याची. दिवसभर ऊन असं एकाच ठिकाणी पडायचं, आणि तिथं गुरांचा कोठा उभा होता. सागाचे खांब, वर टीन, तिन्ही बाजूंनी बांबूचे तट्टे, आत एक म्हैस, एक गाय आणि तणसाचा ढीग.

“म्हंजे आमची म्हैस लय दिवसापासून व्हीआयपी जागेवर बसली होती,” डोमाजी म्हणाले. “आमालेच मालूम नोहतं.”

कोठा हलवायचा ठरलं. आंब्याच्या बाजूला हलवावा असं विमलाबाईंचं मत. पण आंब्याच्या बाजूला प्रतिक्षाच्या खोलीची खिडकी. शेण, गोमूत्र, माशा, डास, आणि खिडकीच्या आत नाजूक छातीचं लेकरू! प्रतिक्षानं मानेनंच नाही म्हटलं. मग उरली मागची बाजू, काट्याच्या कुंपणाला लागून. तिथंच ते भोक होतं, आणि तिथंच विमलाबाईंनी ‘वाट हाय’ म्हटलं होतं.

त्या भोकाचं थोडं सांगायला हवं.

डोमाजींचं घर टोलीतलं, म्हणजे गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीतलं, शेवटचं. कुंपणापलीकडे गाव सुरू होतं आणि गावातलं पहिलं घर गोदावरीबाईंचं. दोन घरांत एका हाकेचं अंतर. पण रस्त्यानं जायचं तर टोलीतून बाहेर निघा, सडकेला लागा, मारुतीच्या देवळावरून, हातपंपावरून वळा, आख्खी गल्ली ओलांडा, आणि ओट्याओट्यावरून “कुठी चालली वो इमलाबाई?” याला उत्तर देत जा. विमलाबाई आणि गोदावरीबाई दोघी एकाच सालच्या नवऱ्या. दोघी लोकांच्या बांध्यांत एका ओळीत वाकून रोवणा लावायच्या. बांधीत गप्पा चालायच्या, घरी आलं की काट्याचं कुंपण. एक दिवस कोणीतरी कुंपणातली एक फांदी ओढून काढली. मग पलीकडून कोणीतरी एक काढली. कोणी आधी काढली यावर दोघींचं अजून एकमत नाही. दोघींच्या सासवांनी तेव्हा डोळे वटारले होते, टोलीत आणि गावात थोडी कुजबुज झाली होती. पण काढलेली फांदी परत लावायला कोणी आलं नाही. शेवटी डोईवर पाण्याचा गुंड घेऊन बाई नीट निघेल एवढं ते भोक झालं आणि तेवढंच राहिलं. त्यातून लाखोळीची भाजी गेली, ताक आलं, लग्नाच्या अक्षता आल्या, बुद्धपौर्णिमेची खीर गेली. अश्विन चालायला लागला तेव्हा पहिल्यांदा कुठं पळाला असेल, तर त्या भोकातून.

प्रतिक्षाला हे सगळं ठाऊक नव्हतं असं नाही. सासूच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं ऐकलं होतं. पण तिला रोज दिसायची ती त्या भोकातून हक्कानं येणारी गोदावरीबाई. मुलगा वीरेंद्र पुण्यात, घरी एकटी. म्हणून दिवसातून चारदा इकडे. दातांना तंबाखूचा गुडाखू घासलेलं बोट पदराला पुसायचं आणि तेच यशोधरेच्या गालावर फिरवायचं. “माही टुरी वो, माही चिमनी!” प्रतिक्षा हसून पोरीला घेई, आत नेई आणि गाल ओल्या फडक्यानं पुसून काढी. एकदा गोदावरीबाईंनी तिला पुसताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पोरीला घेण्याआधी त्या टाक्यावर हात धुऊ लागल्या, साबण लावून, प्रतिक्षाला दिसेल असं.

दिवाळी झाली. मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस. गोदावरीबाई बहिणीच्या गावी मंडई पाहायला गेल्या आणि त्याच आठवड्यात कोठा उचलायचा मुहूर्त लागला, कारण बाबुलालला पुढे सवड नव्हती.

कोठा मोडून पुन्हा बांधायची आमच्याकडे रीत नाही. तो उभाच्या उभा उचलतात. खांबांच्या बुडाची माती मोकळी करायची, आडव्या बल्ल्या बांधायच्या, आणि टोलीतले, गावातले जेवढे खांदे भेटतील तेवढे बल्लीखाली घालायचे. तुलाराम हाक देणारा. त्याचा खांदा दुखतो, म्हणून तो फक्त हाकच देतो, असं लोक म्हणतात.

“धरा रे! बोला, हो...”

“हैशा!”

“म्हशीची हवेली, हो...”

“हैशा!”

टीन थरथरलं, मातीतून खांब निघाले आणि कोठा अंगणातून चालायला लागला. खाली फक्त पाय दिसत होते. यशोधरेनं असं घर चालताना कधी पाहिलं नव्हतं. ती टाळ्या पिटत राहिली. प्रतिक्षाचं लक्ष पोरीपेक्षा टिनाच्या कडांवर, कोणाच्या डोक्याला लागेल का यावर. म्हैस बाजूला बांधून रवंथ करत सगळं बघत होती, जशी कोणी घरमालकीण भाडेकरूंचं सामान हलताना बघते. कोठा कुंपणाला जाऊन टेकला. मागचा तट्टा बरोबर भोकावर बसला. सगळ्यांनी तर्री-पोहे खाल्ले, तुलारामनं सगळ्यात जास्त.

विमलाबाई पोहे वाढत होत्या, पण एकदा मागे वळून पाहिलं त्यांनी.

“गोदाबाई आल्यावर सांगू तिले,” डोमाजी म्हणाले.

“तुमी सांगा,” विमलाबाई म्हणाल्या.

पुढच्या चार-सहा दिवसांत स्टॅण्ड उभा राहिला, प्लेटा चढल्या, तारा आत आल्या. प्रतिक्षानं प्रत्येक तारेवर नळी चढवून घेतली. स्टॅण्डभोवती जाळी लावून घेतली. बॅटरीच्या खोलीला कडी इतकी उंच मारून घेतली, की तिला स्वतःलाच स्टुलावर चढावं लागे. बाबुलाल म्हणाला, “मॅडम, इतनी सेफ्टी तो मैंने बँक में नहीं देखी.” आणि पहिल्याच संध्याकाळी गावाची लाइन गेली तेव्हा डोमाजींच्या घरात बल्ब तसाच जळत राहिला. वाफेची मशीन उगीचच लावून पाहिली तिनं. चालली. त्या रात्री ती पडली आणि सकाळी कोंबड्याचा आवाजही तिला आला नाही. विमलाबाईंनी पोरीला अलगद उचलून नेलं आणि सुनेला झोपू दिलं. उठल्यावर प्रतिक्षाला कसंनुसं झालं, तर विमलाबाई म्हणाल्या, “झोप ना वो. एवढं ऊन घरात आनलं तू, आता झोपाले नाई भेटाव का?”

गोदावरीबाई मंडईहून आल्या. ते कळलं यशोधरेमुळं. पोरगी मागे कोठ्यापाशी गेली आणि तट्ट्याला थापा मारत “दोदा! दोदा!” करायला लागली. तट्ट्यापलीकडे बांगड्या वाजल्या. मग बांगड्यांचा आवाज दूर गेला.

“आता येईन भांडाले,” विमलाबाई म्हणाल्या. जरा उत्साहानंच म्हणाल्या. चहाचं भांडंही मोठं काढलं. “सडकेनं येईन, तनतनत. आली का मी म्हनीन, पाह्य माय, असं असं झालं, लेकरासाठी झालं. दोन शिव्या देईन, मंग चहा पिईन.”

गोदावरीबाई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही.

आमच्याकडे कोणी भांडायला आलं तर समजावं की नातं शाबूत आहे. भांडण म्हणजे अर्धी समजूतच असते. पण गोदावरीबाई न भांडता गप्प बसल्या आणि विमलाबाईंच्या मनात भलतंच शिरलं. एका दुपारी तणस ओढता ओढता त्या म्हणाल्या, “तिच्या भाऊबंदाइले बरंच वाटलं असन. वाट बुजली ते.”

“असं काय म्हणता, आई?”

“काही नाई. पाहिलेले दिवस हायेत आमी.”

“मग जाऊन बोलून या ना सडकेनं.”

“वाट आमी बुजवली,” विमलाबाई म्हणाल्या, “मंग कोन्त्या तोंडानं जाव? आनं तिनं म्हनलं, ‘कायले आली,’ तं?”

“शेड हाय का सरहद हाय बापा,” डोमाजी कोठ्याकडे बघून पुटपुटले. पण जाऊन तेही काही बोलले नाहीत. बायांच्या मधात पडायचं नाही ही त्यांची जुनी शपथ.

आणि प्रतिक्षा? खरं सांगायचं तर पहिले काही दिवस तिला हलकं वाटलं. पोरीच्या गालाला तंबाखूचा वास नाही, दिवसातून चारदा पुसापुशी नाही. पण तिची नजर अशी, की घरात एक वाटी इकडची तिकडे झाली तरी तिला कळायची. तिला दिसू लागलं की विमलाबाई ताक घुसळल्यावर एक तांब्या बाजूला काढतात आणि संध्याकाळी तोच तांब्या कढीत ओततात. यशोधरा जेवताना घास तोंडात धरून मागच्या दाराकडे बघते. चांगलं चाललेलं घर, पण कुठल्या तरी दाराची कडी आतून लागल्यासारखं.

चुरणे, म्हणजे धानाची मळणी, सुरू झाले. धानाची धूळ गावभर उडायला लागली आणि प्लेटांवर पिवळसर थर बसला. बाबुलालनं फोनवर सांगितलं, “सकाळी थंड असतानी पुसून घेत जा, मॅडम. गरम प्लेटीवर पानी नाही टाकायचं.” म्हणून एका सकाळी प्रतिक्षा शिडीवर चढली. यशोधरा खाली विमलाबाईंच्या मांडीवर. ओलं फडकं फिरवत ती शेवटच्या प्लेटीपर्यंत पोचली आणि सहज तिची नजर कोठ्याच्या टिनावरून पलीकडे गेली.

इतके दिवस खालून काहीच दिसत नव्हतं. वरून गोदावरीबाईंचं सगळं आंगण दिसत होतं. आंगणात सडा नव्हता. तुळशीपाशी पाचोळा साचला होता. दोरीवर एकच लुगडं, वाळून कडक झालेलं. आणि विहिरीच्या वाटेवर गोदावरीबाई बसल्या होत्या.

बसल्या होत्या म्हणजे बसूनच चालल्या होत्या. आधी पितळी गुंड पुढे ढकलायच्या. मग दोन्ही हात मातीत टेकून शरीर त्याच्यामागं ओढायच्या. मग दम घ्यायच्या. मग पुन्हा गुंड. उजवा पाय नुसता सोबत येत होता.

“आई!” प्रतिक्षा किंचाळली.

“काय झालं वो? शॉक लागला का? सोड, सोड ते प्लेट!”

“मला नाही, आई, गोदाबाई! गोदाबाई पडल्यात! घसटत चालल्यात!”

विमलाबाईंनी लेकरू काखेला मारलं आणि धावल्या. सडकेकडे नाही, सवयीनं सरळ मागे धावल्या, जशा आयुष्यभर धावल्या होत्या, आणि कोठ्याच्या तट्ट्यावर मोकळा हात आपटून थांबल्या. क्षणभर त्यांना जणू कळेचना की हे मधात काय आलं. मग लेकराला गव्हाणीवर बसवून त्याही वर चढल्या. म्हैस बिचकून उठली. विमलाबाईंनी मागचा तट्टा दोन्ही मुठींनी धरून ओढायला सुरुवात केली.

“आई, हाताला लागेल! सडकेनं जाऊ!”

“सडक लांब हाय वो! धर ना!”

शिडीवरून उतरून प्रतिक्षानं तट्ट्याचं दुसरं टोक धरलं. बांधणीचे दोर तुटले, बांबू कडकडले, एक पट्टी तिच्या तळहातात घुसली. खालून एक माणूस वाकून जाईल एवढं उघडलं. विमलाबाई पदर काट्यात सोडून पलीकडे गेल्या. प्रतिक्षानं यशोधरेला गव्हाणीवरून उचललं, तिच्या डोळ्यांवर हात धरला, काटे चुकवत त्या फटीतून पुढे दिलं. आणि पलीकडून घ्यायला जे हात पुढे आले ते विमलाबाईंचे नव्हते. मातीनं भरलेले, सरकत सरकत जवळ आलेले गोदावरीबाईंचे हात होते.

प्रतिक्षानं पोरीला त्या हातांत दिलं.

“दोदा!” पोरगी म्हणाली आणि तिनं गोदावरीबाईंचं नाक धरलं.

“हात धुतले नाई वो, बाई,” गोदावरीबाई प्रतिक्षाकडे बघून म्हणाल्या. “आता उठता नाई येत टाक्यावर.”

प्रतिक्षा वाकून फटीतून पलीकडे आली. विमलाबाई तोवर गोदावरीबाईंच्या पायाशी वाकल्या होत्या.

“कई पडली तू?”

“झाले दिवस.”

“पाय पाहू. माय वो! हा पाय हाय का कोहळा हाय? आनं हाक काहून नाई मारली?”

“मारली ना, इमले. दोन डाव मारली.” गोदावरीबाई शांतपणे म्हणाल्या. “मंग म्हनलं, टिनाले काय हाक मारायची.”

विमलाबाई खाली बसल्या. दोघी मातीत समोरासमोर.

“मले वाटलं, तू भांडाले येशीन.”

“मले वाटलं, वाट बंद केली म्हंजे येऊ नोको म्हनते.” गोदावरीबाईंनी पोरीचे केस मागे सारले. “तुही सून शिकलेली. तिले माह्या हाताचा वास येते. बरोबर हाय तिचं. लेकराची छाती नाजूक हाय.”

“अवं, म्हशीसाठी हलवला कोठा! उन्हासाठी! तुह्यासाठी कोन हलवते? एवढी मोठी झाली का तू?” विमलाबाई ओरडल्या, आणि ओरडता ओरडता रडल्या. “बैताड बुडी! वीरेंद्रले तरी सांगतलं का फोनवर?”

“त्याले काय सांगाव? तिकडून काय पाय दाबून देनार हाय? बरी हाय म्हनलं.”

अश्विननं कोणाची तरी ओमनी आणली. दवाखान्यात फोटो काढला. घोट्याच्या वरचं हाड चिरलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडे दिवस असंच ओढत राहिल्या असत्या तर पाय वाकडाच जुळला असता. पांढरं प्लास्टर चढलं. परतीच्या वाटेवर प्रतिक्षा मागच्या सीटवर गोदावरीबाईंचा पाय मांडीवर घेऊन बसली होती. खड्डा आला की ती पाय दोन्ही हातांनी वर उचलून धरी. या वाटेवरचे खड्डे तिला पाठ होते.

“तू लय भेतेस वो पोरी,” गोदावरीबाई म्हणाल्या.

“हो.”

“भेत जाय. भेनाऱ्या माणसाचं लक्ष राहाते.”

घरी आल्यावर अश्विन म्हणाला, “तट्टा तसाही फुटलाच हाय. गव्हाणीवरून जाणं-येणं करत जा.”

“म्हशीच्या तोंडातून?” प्रतिक्षा म्हणाली. “प्लास्टर निघाल्यावर त्या बाईनं गव्हाण चढायची? कोठा हलवायचा.”

“अवं, आत्ताच तं हलवला!”

“आंब्याकडे.”

“तुह्या खिडकीपाशी?”

“जाळी लावीन खिडकीला. दुहेरी लावीन.”

बाबुलालला फोन लावला. तो पलीकडून चुकचुकला. “मॅडम, तिकडे सरकवला तं दुपार कलल्यावर कोठ्याची सावली प्लेटीच्या कोपऱ्यावर येईन. एका प्लेटीवर सावली पडली का सगळ्या लाइनचं काम ढिल्लं पडते. सांजेले बॅटरी पुरी नाही भरनार.”

“मशीन चालेल ना पोरीची?”

“मशीन आरामात चालन. टीव्ही नाही चालनार रातभर.”

“मग पडू दे सावली.”

फोन ठेवल्यावर प्रतिक्षानं एकदा प्लेटांकडे पाहिलं. एवढ्या हौसेनं एकेक कोपरा उन्हात बसवून घेतला होता. थोडं वाईट वाटलं तिला, नाही असं नाही.

तर कोठा पुन्हा उचलायचा ठरला. तुलारामनं येऊन कंबरेवर हात ठेवले.

“सूनबाई, असं करू का? चाकंच लावून देऊ कोठ्याले. मंग रोज पाहिजे तिकडे लोटत जा.”

“लावा ना, तुलारामभाऊ. बैल म्हणून तुम्हालाच जुंपू.”

“अरे बापा! बोलाले लागली लाखनीची पोरगी!” सगळे हसले. “पन या डावाले तर्री जास्त पाहिजे.”

बल्ल्या बांधल्या. खांदे लागले. यावेळी गोदावरीबाई आपल्या उंबऱ्यावर, प्लास्टरचा पाय पिढ्यावर ठेवून, पलीकडून हुकूम सोडत होत्या.

“डोमाजी, डावीकडे! डावीकडे म्हनते मी! डावं उजवं मालूम नाई का?”

“गोदाबाई, हाक तुलाराम देते!”

“त्याची हाक कोंबडीवानी हाय!”

“हो...”

“हैशा!”

कोठा कुंपणापासून उठला, थोडा डुलला, आणि आंब्याकडे निघाला. मागे कुंपणात भोक उघडं पडलं. काटे थोडे आत सरकले होते. विमलाबाईंनी कोयत्यानं ते साफ केले. आणि कोणी काही म्हणायच्या आत यशोधरा त्यातून पलीकडे धावली. नेहमीची प्रतिक्षा असती तर “अगं, काटा, काटा!” करत मागे धावली असती. तिनं फक्त पाहिलं, पोरीच्या पायात चपला आहेत ना. होत्या. मग ती साबणाची वडी आणि पाण्याची बादली घेऊन तिच्या मागोमाग त्या वाटेनं गेली, गोदावरीबाईंना हात धुवायला टाक्यापर्यंत जावं लागू नये म्हणून, आणि तिथंच उंबऱ्याशी बसून राहिली.

त्यानंतर प्लास्टर निघालं. गोदावरीबाई काठी घेऊन चालतात. थोडं लंगडतात, पण काठी इतरांना दाखवायलाच जास्त वापरतात. प्रतिक्षाच्या खिडकीला दुहेरी जाळी आहे, तरी म्हशीचा वास येतोच. दुपार कलली की प्लेटीच्या कोपऱ्यावर सावली चढते आणि डोमाजी म्हणतात, “आली, गोदाबाईची सावली आली.”

आता प्रतिक्षाला दुसऱ्यांदा दिवस आहेत. बाळंतपणाला ती लाखनीला जायची आहे, आणि नेमका तेव्हाच रोवणा. विमलाबाई आणि डोमाजी उजाडल्यापासून बांधीत, अश्विन कारखान्यात. टोलीतली, गल्लीतली सगळी माणसं चिखलात. वाट उघडी असली म्हणून काय झालं, तिच्यावरून जायला कोणीतरी घरी असायला हवं. या विचारानं तिला पुन्हा झोप येत नाही. म्हणून ती दूधवाल्याला सांगते, लाइनमनला सांगते, बाबुलालला सांगते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं सांगणं आहे.

रोवण्याच्या दिवसांत करडीकडे जाणं झालंच, तर मारुतीच्या देवळावरून वळा आणि गल्लीतल्या शेवटच्या घरी गोदावरीबाईंना एक हाक मारा. त्या बसल्या जागेवरून म्हणतील, बरी हाय. तेवढ्यावर जाऊ नका. प्यायला पाणी मागा. उठून, आत जाऊन, पाणी आणून दिलं तर समजा बरी आहे. नाही उठल्या तर लाखनीला फोन करा.